वाचकांचे प्रश्न : पॉलिसीवर एक नाव, आधारवर दुसरे

प्रश्न : माझ्या वडिलांनी २००९ साली घेतलेल्या आयुर्विमा पॉलिसीची मुदत लवकरच संपत आहे. पॉलिसीवर त्यांचे नाव, आजोबांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही छापलेले आहे. आधार आणि बँकेच्या पासबुकात मात्र केवळ नाव व आडनाव आहे. शिवाय पॉलिसीत जन्मवर्ष १९५८ आहे, तर मॅट्रिकच्या अंकसूचीत १९५६. एजंट म्हणतात, ‘पैसे मिळायच्या वेळी पाहू.’ काय करावे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : एजंटांचा सल्ला मानू नका. आपण दोन चुका लिहिल्या आहेत, पण त्यांचे वजन सारखे नाही.

नावाची तफावत इंदूरच्या मराठी घरांत नवी नाही. मध्य प्रदेशातील बहुतेक कागदांवर वडिलांच्या नावाचा रकाना वेगळा असतो, त्यामुळे आपले मधले नाव तेथे गळते. विमा कंपनीच्या शाखेत दुरुस्तीचा लेखी अर्ज, पॅन व आधारच्या स्वाक्षरी केलेल्या प्रती आणि मूळ पॉलिसी द्यावी; मागितल्यास दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरीसमोर केलेले शपथपत्र जोडावे. राजपत्रात जाहिरात देण्याची गरज नसावी, कारण येथे नाव बदललेले नाही. मूळ पॉलिसी शाखेत देण्यापूर्वी तिची छायाप्रत काढावी आणि पोचपावती घ्यावी. ‘संगणकात दुरुस्त केले आहे’ एवढ्या तोंडी उत्तरावर परतू नये. दुरुस्तीची नोंद, म्हणजे एन्डॉर्समेंट, कागदावर मागावी.

जन्मतारखेचे प्रकरण याहून गंभीर आहे, कारण हप्ता वयावरच ठरतो. पॉलिसीला तीन वर्षे उलटल्यावर कंपनी काही विचारू शकत नाही, असे पुष्कळांना वाटते. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ नुसार तीन वर्षांनंतर पॉलिसीच्या वैधतेला आव्हान देता येत नाही हे खरे. परंतु त्याच कलमाने वयाचा पुरावा केव्हाही मागण्याची आणि खऱ्या वयाप्रमाणे अटी जुळवून घेण्याची मुभा कंपनीला दिली आहे. वडील दोन वर्षांनी मोठे ठरल्यास हप्त्यातील फरक व्याजासह मागितला जाऊ शकतो, किंवा देय रकमेतून वळता होऊ शकतो. म्हणून आधी पॉलिसीसोबतची प्रस्ताव अर्जाची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत काढून पाहा. अर्जात १९५६ असूनही पॉलिसीत १९५८ छापले गेले असेल, तर चूक कार्यालयाची ठरते आणि आपली बाजू भक्कम होते. पुरावा म्हणून अंकसूचीच पुढे करावी. मोटार अपघाताच्या भरपाईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला होता.

शाखेने टाळाटाळ केली, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर न आल्यास, किंवा आलेले उत्तर न पटल्यास, भोपाळ येथील विमा लोकपालांकडे जाता येते; मध्य प्रदेश त्यांच्या कार्यक्षेत्रात येतो. तेथे शुल्क नाही आणि वकिलाचीही आवश्यकता नाही. मात्र कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार पोहोचली पाहिजे.

पॉलिसी वडिलांची आहे, तेव्हा या प्रत्येक अर्जावर सही त्यांचीच लागेल. त्याच फेरीत नॉमिनी म्हणून लावलेले नावही तपासून घ्यावे. तेथे विवाहित मुलीचे माहेरचे आडनाव राहिले असेल, तर नामनिर्देशनाचा नवा अर्ज तेव्हाच भरून द्यावा.