फेमस गिटार पेडलचा क्लोन बनवून विकायचाय, काय सांभाळू?

बिनधास्त बनव, फक्त पहिलाच क्लोन फझ फेसचा (गिटारचा आवाज फाटका, खरखरीत करणारं पेडल) नको करूस. 1966 च्या त्या सर्किटमध्ये जर्मेनियम ट्रान्झिस्टर आहेत, ते तापले की लीकेज (नको असताना झिरपणारा करंट) वाढतं नि बायस (ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजवर सेट केलेला असतो तो) सरकतो, मी ठाण्यात जानेवारीत सेट केलेलं पेडल मे महिन्यात एकदम घुसमटल्यासारखं वाजायला लागलं, गिऱ्हाइकाने परत आणून दिलं तेव्हा खूप वाईट वाटलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, ट्रान्झिस्टरचा लॉट आणलास तरी प्रत्येक पीसचं लीकेज मोजूनच लाव, प्लीज. त्यापेक्षा ट्यूब स्क्रीमरने (हे ओव्हरड्राइव्ह पेडल, आवाज थोडा कमी फाटतो) सुरुवात कर, त्यातली सिग्नल वाढवणारी 4558 चिप स्वस्त आहे आणि सिलिकॉन असल्याने उन्हाळ्यात असा त्रास देत नाही. आणि हो, मूळ कंपनीचं नाव, लोगो, दुसऱ्याचा पीसीबी लेआउट (सर्किट बोर्डाची आखणी) उचलू नकोस, पेडलला स्वतःचं नाव दे.