परदेशी पाहुण्याला रस्ता सांगताना 'समोर'ला इंग्रजीत काय म्हणायचं?

परदेशातून येणाऱ्यांना फोनवर पत्ता सांगताना रोड, स्ट्रीट, लेन यांतलं नेमकं काय म्हणावं, असं तुम्ही विचारलंय. मी दादरला एका दवाखान्यात फोन घेते, त्यामुळे हे माझं रोजचं काम आहे. रोड आणि स्ट्रीटची काळजी सोडा, पाटीवर असेल ते म्हणा. गल्लीला मात्र नुसतं लेन म्हणू नका, साइड स्ट्रीट म्हणा. 'टेक द लेफ्ट लेन' ऐकून गाडी चालवणारा त्याच रस्त्यावर डावीकडे सरकतो आणि सरळ निघून जातो.

खरा घोळ आपल्या 'समोर'मुळे होतो. एका बाईंना मी 'इन फ्रंट ऑफ प्लाझा' थांबायला सांगितलं. माझ्या मनात होतं प्लाझा थिएटरच्या रस्त्यापलीकडचं कोतवाल उद्यान. त्या बरोब्बर थिएटरच्या दारात उभ्या राहिल्या, आणि आमचा माणूस उद्यानापाशी त्यांना शोधत राहिला. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. इन फ्रंट ऑफ म्हणजे त्याच इमारतीपुढे, त्याच बाजूला. रस्ता ओलांडायचा असेल तर 'अक्रॉस द रोड फ्रॉम प्लाझा' म्हणा. हा फरक मराठीत आपण बोटाने दाखवतो, फोनवर बोट दिसत नाही. तसंच 'पंपाच्या पुढे' असेल तर 'जस्ट पास्ट द पेट्रोल पंप'.

दुसरा शब्द सबवे. अंधेरी सबवे, मिलन सबवे म्हटलं की आपल्याला रुळांखालून जाणारा गाड्यांचा रस्ता आणि त्यात पावसात तुंबलेलं पाणी आठवतं, ब्रिटिश माणसाला पायी जायचा भुयारी मार्ग, अमेरिकन माणसाला भुयारी रेल्वे. 2024 पासून मुंबईतही भुयारी मेट्रो धावते, त्यामुळे तो खरंच स्टेशन शोधत बसेल. अंडरपास म्हणा. पेव्हमेंट तर अजिबात नको: ब्रिटनमध्ये तो फुटपाथ, अमेरिकेत गाड्या जातात तो डांबरी किंवा काँक्रीटचा पृष्ठभाग. ज्येष्ठ माणसाला 'वेट ऑन द पेव्हमेंट' सांगायला मला भीतीच वाटते. अमेरिकन असेल तर साइडवॉक.

आणि वेस्ट म्हणताना 'वेस्ट साइड ऑफ द स्टेशन' असं पूर्ण सांगा. आपलं ईस्ट-वेस्ट रेल्वेच्या रुळांवरून ठरतं, हे नव्या माणसाला कुठून कळणार? तो लोकलने येत असेल तर पुलावरून कोणत्या बाजूला उतरायचं, तेच आधी सांगा.