दहा लाख जागा रिकाम्या आहेत ना, मग एक तरी लागेलच?

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय, मुलगा 24 चा आहे, बीकॉम झालाय, दोन वर्षं पुण्यात पेठेतल्या अभ्यासिकेत बसतोय, आणि पैशांचा विषय काढला की म्हणतो केंद्रात दहा लाख जागा रिकाम्या आहेत, एक तरी लागेलच.

आकडा खोटा नाहीये. 1 मार्च 2021 ला केंद्राच्या साधारण 40 लाख मंजूर पदांपैकी 9.79 लाख रिकामी होती, हे सरकारनेच संसदेत सांगितलंय. पण रिकामी जागा म्हणजे जाहिरात नाही, आणि जाहिरात म्हणजे नेमणुकीची ऑर्डर नाही हो. रेल्वेची ग्रुप डी, म्हणजे सगळ्यात खालच्या पदांची भरतीच बघा, लाखभर जागांची जाहिरात आली 2019 मध्ये, फॉर्म भरले कोटीच्या वर पोरांनी, आणि परीक्षा सुरू झाली ऑगस्ट 2022 मध्ये. मधे कोरोना होता मान्य, पण वय काय कोरोनासाठी थांबतं का? 2014 ते 2022 मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांसाठी 22 कोटी अर्ज आले, निवड झाली 7.22 लाख जणांची. एकच पोरगा दहा ठिकाणी फॉर्म भरतो हे धरलं तरी हिशोब अवघडच आहे.

शेजारच्या मुलाला 'पोस्टात लागलं' म्हणताय ते बहुतेक ग्रामीण डाक सेवक असेल. ते दहावीच्या मार्कांवर होतं, परीक्षा नसते, पण त्याला नियमित केंद्रीय कर्मचारी धरत नाहीत, त्यामुळे तुलना करू नका.

माझं मत, अभ्यास बंद नको, पण नुसता सीजीएल, म्हणजे केंद्राची पदवीवरची परीक्षा, धरून बसणंही नको. एमटीएसचा, म्हणजे दहावीवरच्या शिपाई वगैरे पदांचा पेपर 2023 पासून मराठीतून देता येतो, बेसिक 18,000 पासून, तोही फॉर्म भरू दे. सीएचएसएलला, म्हणजे बारावीवरच्या कारकुनी पदांच्या परीक्षेला, ओपनमधून वय 27 पर्यंतच चालतं, म्हणजे हातात तीनेक वर्षं. तोवर अर्धा दिवस एखाद्या सीएकडे जीएसटी रिटर्नचं काम शिकला तर रूमचं भाडं तरी सुटेल, आणि सरकारी नोकरी नाही लागली तर हात रिकामे राहणार नाहीत.

आज रात्री फोनवर त्याला एवढंच विचारा, शेवटच्या तीन मॉक टेस्टला किती मार्क पडले आणि मागच्या वर्षीचा कटऑफ किती होता? पटकन सांगता नाही आलं, तर पुढच्या महिन्याचं भाडं पाठवायच्या आधी त्याला माझ्याकडे पाठवा.