गावात मधुमेह तपासणी आणि जनजागृती शिबिर घ्यायचं आहे, तयारी काय करावी?

तुमच्या मंडळाला 14 नोव्हेंबरला, जागतिक मधुमेह दिनी, गावातल्या तीनशे लोकांची साखर तपासायची आहे आणि डॉक्टरांचं व्याख्यान ठेवायचं आहे, असं तुम्ही लिहिलंय. माझं पहिलं सांगणं, तीनशेचा आकडा खाली आणा. पुढचे तीन महिने ज्यांच्या मागे लागता येईल तेवढ्यांनाच बोलवा. दहा कार्यकर्ते असतील तर शंभर-सव्वाशे माणसं पुष्कळ झाली. साखर वाढलेली कळते, माणूस कागद खिशात घालून घरी जातो आणि पुन्हा कुठेच तपासत नाही. बहुतेक शिबिरं इथेच फसतात.

तारखेचाही विचार करा. गावातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं असतील तर तोवर ती बहुधा निघून गेलेली असतात. त्यांच्यासाठी दसऱ्याच्या आधीचा दिवस धरा, जागतिक दिन हुकला तरी चालेल.

तीनेक आठवडे आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. 30 वर्षांवरच्या सगळ्यांची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी हे सरकारी कार्यक्रमातलंच काम आहे, त्याचे फॉर्म आशाताई भरतात. दोन गोष्टी पक्क्या करून या: साखर वाढलेल्यांना कोणत्या वारी पाठवायचं आणि वापरलेल्या सुया केंद्रावर कोण जमा करून घेणार.

कोणाची साखर तपासायची हे आधी गुणांवरून ठरवा. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने 2005 साली भारतीयांसाठी एक सोपी मोजणी दिली आहे. वय 35 ते 49 असेल तर 20 गुण, 50 किंवा जास्त असेल तर 30. कंबर बायकांची 80 ते 89 किंवा पुरुषांची 90 ते 99 सेंटिमीटर असेल तर 10, त्याच्या वर 20. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर 10, दोघांना असेल तर 20. नियमित व्यायाम आणि अंगमेहनतीचं काम दोन्ही असेल तर 0, दोन्हींपैकी एकच असेल तर 20, व्यायाम नाही आणि काम बैठं असेल तर 30. बेरीज 60 किंवा जास्त आली की तो माणूस रांगेत पहिला. कंबर पॅन्टच्या पट्ट्यावर मोजू नका, तिथे ती हमखास कमी भरते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर टेप लावा. बायकांची मापं आडोशाला आणि बाईनेच घ्यावीत.

तपासणी सकाळी सात ते नऊ, आठ तास उपाशी पोटी. पण मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन आधीच चालू असलेल्यांना स्पष्ट सांगा की उपाशी पोटी औषध घेऊन यायचं नाही. औषध बरोबर आणायचं, रक्त दिलं की नाश्त्याबरोबर नेहमीसारखं घ्यायचं. म्हणून नाश्ता जागेवरच ठेवा. कोणाला घाम सुटला, हात थरथरले आणि साखर 70 च्या खाली निघाली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

बोट टोचायच्या टेबलावर सगळ्यात जास्त चुका होतात. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायला लावा. पेढ्याचा किंवा केळ्याचा अंश बोटाला असला तरी आकडा फुगतो, आणि स्पिरिट ओलं असताना टोचलं तर तो बिघडतो. बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचा, दुखतं कमी. बोट पिळून रक्त काढू नका. स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेत स्ट्रिप खराब होते. बोट टोचायचं एकच पेन घेऊन त्यातली फक्त सुई बदलत राहणं बंद करा. पेनलाही रक्त लागतं आणि त्यातून कावीळ ब पसरू शकते. प्रत्येकाला एकदाच वापरायची लॅन्सेट (टोचायची सुई), हातमोजे दर माणसागणिक नवे.

ग्लुकोमीटरवर उपाशी पोटी 100 किंवा जास्त आलेल्या प्रत्येकाला केंद्रावर पाठवा. ‘तुम्हाला मधुमेह आहे’ असं टेबलावर कोणीही बोलू नये. निदान प्रयोगशाळेत, शिरेतल्या रक्तावर होतं. तिथे उपाशी पोटी 126 किंवा त्याहून जास्त आली, आणि लक्षणं नसतील तर दुसऱ्या तपासणीतही तसंच निघालं, की मधुमेह. 100 ते 125 म्हणजे उंबरठ्यावर. या गटाकडे मी सर्वात जास्त लक्ष द्यायला सांगेन, कारण आजार टाळता येतो तो इथेच. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात, साखर वाढू लागलेल्या पण मधुमेह न झालेल्या लोकांनी आहार आणि चालणं सुधारलं, तेव्हा मधुमेह होण्याचा धोका सुमारे 28 टक्क्यांनी घटला होता.

ज्यांना मधुमेह आधीच आहे, त्यांच्या पायांसाठी वेगळी खुर्ची मांडा. पैसा लागत नाही. डोळे मिटायला सांगून दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला बोटाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबू नका, चोळू नका. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर पायाची संवेदना गेली आहे असं धरून डॉक्टरांकडे पाठवा. अशा माणसाने पाय गरम पाण्याने शेकू नयेत, कुरूप ब्लेडने कापू नये आणि चप्पल झटकूनच घालावी. आत खडा राहिला तरी त्याला कळत नाही.

व्याख्यान पंधरा मिनिटांच्या वर नको. त्याऐवजी टेबलावर काचेचा पेला ठेवा आणि त्यात आठ चमचे साखर मोजून घाला. दोन-दोन चमच्यांचे चार चहा म्हणजे एवढी, जवळजवळ 40 ग्रॅम. शेजारी तेवढाच गूळ ठेवा आणि गुळानेही रक्तातली साखर वाढतेच हे सांगा. ज्वारीची भाकरी चांगली, पण चार भाकरी आणि चमचाभर भाजी हे गणित चुकतंच. अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं, पाव डाळ-उसळ किंवा अंड्याचं, पाव भाकरी-भाताचं, असं एक ताट खरोखर वाढून ठेवा.

आकडे माइकवरून वाचू नका, यादी व्हॉट्सॲपवर टाकू नका. मुलीची साखर वाढली म्हणून लग्न अडेल या भीतीने लोक तपासणीलाच येत नाहीत. केंद्रावर पाठवलेल्यांची यादी एकाच वहीत ठेवा, दर कार्यकर्त्याकडे दहा नावं द्या. पहिला फोन पंधरा दिवसांनी, ‘केंद्रावर गेलात का?’ एवढाच. गेले नसतील तर पुढच्या वारी त्यांना स्वतः गाडीवर बसवून न्या.