वाचकांचे प्रश्न : अडकलेला हप्ता पुण्यावरून वळवता येईल का?

प्रश्न : कुडाळजवळच्या एका धर्मादाय रुग्णालयात मी लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) अभ्यासावर सहायक आहे. लावणीच्या दिवसांत शेतकऱ्यांच्या रक्ताचे नमुने घेतो. पैसा वैद्यकीय संशोधनाला अनुदान देणाऱ्या अमेरिकन सरकारच्या ‘एनआयएच’ या संस्थेचा. तो तिथल्या एका विद्यापीठाला मिळतो, ते आमचा वाटा पाठवतं. नियम बदलल्याने पुढचा हप्ता थांबलाय. डॉक्टर म्हणतात, पुण्यातल्या ओळखीच्या संस्थेच्या नावावर घेऊ, तिथून इकडे आणू. चालेल का?
— एक वाचक, ता. कुडाळ

उत्तर : नाही चालायचं. डॉक्टरांना आजच सांगा.

तुमचं घोडं अडलंय ते ‘सबअवॉर्ड’पाशी. मूळ संस्थेने आपल्या अनुदानातला वाटा परदेशी संस्थेला द्यायचा, ही पद्धत बंद करत असल्याचं एनआयएचने १ मे २०२५ला जाहीर केलं. यापुढे परदेशी भागीदाराला मुख्य अनुदानाशी जोडलेलं, पण वेगळं अनुदान थेट एनआयएचकडूनच. पैसा शेवटी कुणाच्या हाती पडतो याचा हिशेब लागत नाही, हे एक कारण. देशाची सुरक्षा हे दुसरं. त्यांच्या लेखी पुणं काय नि कुडाळ काय, दोन्ही परदेशच.

आणि एनआयएचने डोळेझाक केली तरी आपला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, आहेच. सप्टेंबर २०२०च्या दुरुस्तीपासून परदेशी देणगी एका संस्थेने दुसरीला द्यायला बंदी आहे. मी तेव्हा एका संस्थेत हिशेबाला होतो. चिपळूणच्या एका छोट्या मंडळाचा चेक व्हाउचरला टाचून, सही होऊन कपाटात पडला होता. त्यावर लाल शाईने ‘रद्द’ मीच लिहिलं. ते लोक तीनदा येऊन गेले, दर वेळी आमसुलं घेऊन. तेव्हापासून अमेरिकेला नावं ठेवताना माझी जीभ जरा अडखळते.

तेव्हा आडवाट सोडा. अमेरिकेतल्या मुख्य संशोधकांना सरळ विचारा, जोडलेल्या अनुदानासाठी अर्ज करताय का? करत असतील तर तुमच्या रुग्णालयाची ‘सॅम’ या त्यांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी लागेल. तिला आठवडे लागतात, आणि ती बहुतेक वेळा अडते नावावर. ट्रस्टच्या दाखल्यावर गावाचं स्पेलिंग एक, बँकेत दुसरं, ही आपल्याकडची जुनी रड. एफसीआरएचं मूळ खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच लागतं, तिथलं नावही ताडून बघा. आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचं मंजुरीपत्र हाताशी ठेवा.

फुकट काम चालू ठेवू, असंही कुणी सुचवेल. पैसे न घेता केलेला महत्त्वाचा भागसुद्धा एनआयएचवाले ‘फॉरिन कंपोनंट’, म्हणजे प्रकल्पाचा परदेशात होणारा भाग, धरतात. त्याला एनआयएचची आधी परवानगी लागते.

नमुने मात्र सांभाळा. पावसात तुमच्याकडे वीज किती वेळा जाते ते मी सांगायला नको. पगार थांबला म्हणून डीप फ्रीझरच्या तापमानाची वही थांबवू नका. सकाळ-संध्याकाळ आकडा आणि सही.