ब्रेकनरिजमध्ये घर घ्यायचं का? आधी मे महिन्यात येऊन बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं आणि दोन मुलं डेन्व्हरच्या उपनगरात राहता. हिवाळ्यात शनिवार-रविवारी स्कीइंगला वर ब्रेकनरिजला, कोलोरॅडोच्या डोंगरात येता, आणि दर वेळी हॉटेलचं बिल बघून वाटतं की एवढ्यात आपलाच कॉन्डो (सोसायटीतला फ्लॅट) झाला असता. दोन बेडरूमची जागा घ्यायची, सीझनला स्वतः वापरायची, उरलेले दिवस पर्यटकांना द्यायची, म्हणजे हप्ता परस्पर सुटेल. शिवाय उन्हाळ्यात पुण्याहून सासूबाई येतील, त्यांनाही डोंगरात राहता येईल.

मी या गावात बरीच वर्षं राहते. मालक खाली शहरात असताना त्यांच्या बंद घरांवर लक्ष ठेवणं हे माझं काम आहे. म्हणून उत्तर आधीच सांगते: भाड्याच्या भरवशावर हे घर घेऊ नका. स्कीइंग संपल्यावरही तुम्हाला इथे यावंसं वाटत असेल, तरच घ्या.

भाड्याचं गणित कुठे अडतं ते बघा. इथे भरपूर भाडं मिळतं ते मोजक्या आठवड्यांत: नाताळ ते नवीन वर्ष, फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा शनिवार-रविवार, आणि मार्चमधली शाळांची सुट्टी. तुमच्या मुलांना सुट्टी असते तीही नेमकी तेव्हाच. घर स्वतः वापरलंत तर कमाई गेली, भाड्याने दिलंत तर मुलं पुन्हा हॉटेलात. नोव्हेंबरचे पहिले आठवडे आणि जवळजवळ सगळा मे महिना मागणी इतकी कमी असते की साफसफाईचे पैसे वजा केल्यावर हाती फारसं उरत नाही.

त्याहून मोठी अडचण परवान्याची आहे. थोड्या दिवसांच्या भाड्यासाठी गावाचं लायसन्स लागतं. २०२१ मध्ये गावाने त्या लायसन्सच्या संख्येवर मर्यादा घातली आणि २०२२ मध्ये गावाचे विभाग पाडले. स्की लिफ्टच्या (डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यांच्या) पायथ्याशी असलेल्या रिसॉर्टच्या भागात मोकळीक आहे. जिथे माणसं वर्षभर राहतात त्या वस्त्यांमध्ये लायसन्स फार थोडी. आणि घर विकलं की लायसन्स नव्या मालकाकडे जात नाही. आधीच्या मालकाने गेल्या वर्षी किती कमावले त्याचा तक्ता दलाल दाखवेल. तो तक्ता खराही असेल, पण ती कमाई त्या मालकाच्या लायसन्सवर झालेली असते, तुमच्या नाही. वर बेडरूमच्या संख्येनुसार दरवर्षी फी भरावी लागते. गावाच्या हद्दीबाहेर, काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) भागात घर घेतलंत तर तिथले नियम पुन्हा वेगळे.

कर्जाचंही आधी विचारून घ्या. खाली फ्रंट डेस्क आणि हॉटेलसारखी व्यवस्था असलेल्या इमारतींना बँका कॉन्डोटेल म्हणतात आणि त्यांच्यासाठी नेहमीचं गृहकर्ज सहसा मिळत नाही. गंमत म्हणजे मुक्त लायसन्स मिळणाऱ्या भागात अशाच इमारती जास्त आहेत. खरेदीच्या किमतीवर गावाचा १ टक्का हस्तांतरण कर आहे, तोही सुरुवातीच्या खर्चात धरा.

आता घराबद्दल. ब्रेकनरिज ९,६०० फुटांवर आहे, म्हणजे साधारण २,९२५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. या उंचीवर बर्फ दिसायला सुंदर असतो, पण घराला तो सतत छळतो. कोकणात पावसाआधी आगोटीची तयारी करतात, तशी इथे सप्टेंबर-ऑक्टोबरात घराची करावी लागते. ती चुकली की पुढचे सहा महिने निस्तरत बसायचं.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट वळचणीला घडते. घरातली ऊब छपरातून वर झिरपते आणि छपरावरच्या बर्फाचा तळचा थर वितळतो. ते पाणी उतारावरून खाली येतं. भिंतीच्या बाहेर आलेली कड मात्र थंडगार असते, तिथे पोहोचताच ते पुन्हा गोठतं. दिवसामागून दिवस असं होत गेलं की कडेला बर्फाचा बांध तयार होतो. मागून येणारं पाणी त्याच्यामागे तुंबतं, छपराच्या तुकड्यांखाली शिरतं आणि आत छताला पिवळा डाग दिसतो. बाहेरून बघणाऱ्याला लांबलचक सुळके दिसतात आणि तो फोटो काढतो. मला ते दिसले की मी आधी पोटमाळ्यात चढते. बरेच जण कडेला हीट टेप, म्हणजे विजेवर गरम होणारी पट्टी, बसवतात. तिचा उपयोग होतो, पण ती वीज खाते आणि मूळ दुखणं तसंच राहतं. खरा उपाय म्हणजे छपराखालचं इन्सुलेशन आणि घरातली गरम हवा पोटमाळ्यात जाते त्या फटी बुजवणं. घर बघायला जाल तेव्हा हॉट टब नंतर बघा, पोटमाळा आधी.

घराचं तोंड कुठे आहे हेही विचारा. दक्षिणेकडे उतरणारा ड्राइव्हवे जानेवारीतसुद्धा दुपारच्या उन्हात मोकळा होतो. उत्तरेकडचा एप्रिलपर्यंत काचेसारखा कडक असतो, आणि त्याच चढावर किराणा हातात घेऊन चालायचं असतं. बर्फ ढकलून कुठे टाकणार, त्याला जागा आहे का, छपरावरचा ढीग घसरला तर दारावर पडेल की बागेत, हे बघा. भिंतीतून बाहेर काढलेली बॉयलरची नळी आणि गॅसचा मीटर बर्फाखाली गाडले जात नाहीत ना, हे मोठ्या वादळानंतर दर वेळी बघावं लागतं. नळी बुजली की विषारी कार्बन मोनॉक्साइड घरातच कोंडतो. त्याचा अलार्म प्रत्येक मजल्यावर हवाच. जमिनीतून घरात शिरणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूची तपासणीही करून घ्या. कोलोरॅडोच्या डोंगराळ भागात तो सर्रास निघतो.

घर रिकामं असताना तर जास्तच काळजी. जानेवारीत रात्री पारा उणे २० सेल्सियसपर्यंत उतरतो. हीटर बंद पडला तर भिंतीतले पाइप गोठून फुटतात, आणि तेव्हा काहीच कळत नाही. पाइपातला बर्फ वितळायला लागला की पाणी धो धो वाहू लागतं, तेही तुम्ही खाली ऑफिसात असताना. निघताना थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या (साधारण १३ सेल्सियस) खाली नेऊ नका, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ द्या. तापमान घसरलं की फोनवर कळवणारा सेन्सर लावा आणि तरीही आठवड्यातून एकदा कुणीतरी प्रत्यक्ष आत जाऊन येईल अशी सोय करा. बऱ्याच विमा पॉलिसींमध्ये रिकाम्या घराला ऊब ठेवण्याची किंवा पाणी बंद करण्याची अट असते. ती पाळली नाही तर दावा नाकारला जाऊ शकतो.

कॉन्डो घेतलात तर यातलं बरंच सोसायटी बघते, म्हणून तुमच्यासारख्यांना मी स्वतंत्र घरापेक्षा कॉन्डोच सुचवेन. पण मेंटेनन्सचा आकडा बघून दचकू नका आणि हुरळूनही जाऊ नका. बर्फ काढणं, सामाईक हीटिंग, इमारतीचा विमा असं सगळं त्यात येतं. मेंटेनन्स फारच कमी असेल तर राखीव निधी रिकामा असण्याचीच शक्यता जास्त, आणि छपराचं काम निघालं की प्रत्येक मालकावर वेगळी वर्गणी बसते. गेल्या तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं मागून घ्या. कंटाळवाणी असतात, पण इमारतीची सगळी दुखणी त्यातच सापडतात.

विम्याचा आणखी एक पदर म्हणजे वणवा. इथल्या लॉजपोल पाइनच्या जंगलात भुंगेऱ्यांनी मोठा संहार केला आणि डोंगरच्या डोंगर वाळलेल्या खोडांनी भरले. जुलै २०१७ मध्ये ब्रेकनरिजजवळ पीक २ चा वणवा लागला. जून २०१८ मध्ये शेजारच्या सिल्व्हरथॉर्नजवळ बफेलो माउंटनचा वणवा वस्तीच्या अगदी काठापर्यंत आला आणि हजाराहून अधिक घरं रिकामी करावी लागली. ती घरं वाचली. आग विझवणाऱ्यांची शिकस्त तर होतीच, पण आधीच झाडं तोडून मोकळे ठेवलेले पट्टेही तेव्हा कामाला आले. तेव्हापासून घराला खेटून उभं असलेलं झाड कितीही देखणं असलं तरी मी मालकाला ते काढायलाच सांगते. विम्याचं कोटेशन व्यवहार पक्का करण्याआधी हातात घ्या, नंतर नाही.

सासूबाईंबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण हा मुद्दा बहुतेकांच्या हिशोबातच नसतो. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे. विमानातून उतरून थेट इथे आणलंत तर धडधाकट माणसालाही पहिल्या रात्री डोकेदुखी, मळमळ आणि झोपमोड होऊ शकते. त्यांना पहिले दोन-तीन दिवस डेन्व्हरलाच ठेवा, तेही १,६०० मीटरवर आहेच. वर आल्यावर पहिल्या दिवशी जिने-चढ नको, पाणी भरपूर. हृदयाचा, फुप्फुसाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा. इथे कायम राहणारे अनेक वयस्कर लोक रात्री ऑक्सिजनचं यंत्र लावून झोपतात, त्यात काही वावगं नाही. पण बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, तर सकाळची वाट बघू नका. लगेच दवाखान्यात न्या आणि खाली उतरवा. अशा वेळी दुखणं अंगावर काढणं जिवावर बेततं.

आणि स्वयंपाक: इथे पाणी ९० अंश सेल्सियसच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासन्‌तास रटरटली तरी दाणा शाबूत राहतो. कुकर लागतोच, आणि त्यालाही घरच्यापेक्षा दोन शिट्ट्या जास्त.

रस्त्याचं तुम्हाला माहीत आहेच. नकाशावर दीड-दोन तास दिसतात. रविवारी दुपारी आयझेनहॉवर बोगद्याकडे निघालात तर दुपटीवर जातात. १ सप्टेंबर ते ३१ मे याच आय-७० महामार्गाच्या डोंगरी टप्प्यात योग्य टायर नसतील तर साखळ्या किंवा तत्सम साधन गाडीत ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. घर असल्याचा खरा फायदा इथे मिळतो: रविवारी निघायची सक्ती राहत नाही, सोमवारी पहाटे उतरता येतं.

आता गावाबद्दल, कारण माझ्या दृष्टीने निर्णय त्यावर व्हायला हवा. स्की रिसॉर्ट डिसेंबर १९६१ मध्ये सुरू झालं; गाव त्याच्या शंभर वर्षं आधीचं, १८५९ च्या सोन्याच्या शोधातून वसलेलं. २०२० च्या जनगणनेत इथे जेमतेम पाच हजार माणसं होती. काउंटीतली निम्म्याहून जास्त घरं अशा लोकांची आहेत जे इथे राहत नाहीत. नोव्हेंबरात मी संध्याकाळी फेरीला निघते तेव्हा गल्लीच्या गल्ली काळोखी असते. त्याच वेळी रुग्णालयातली नर्स, शाळेतली शिक्षिका, लिफ्ट चालवणारी पेरू-अर्जेंटिनाहून आलेली मुलं भाड्याच्या खोलीसाठी वणवण करत असतात. गावाने यावर बरंच काम केलं आहे. काही घरं फक्त काउंटीत आठवड्याला सरासरी ३० तास काम करणाऱ्यांनाच घेता किंवा भाड्याने घेता येतात. शिवाय हाउसिंग हेल्प्स नावाच्या योजनेत मालकाला रोख पैसे देऊन गाव त्याच्या घरावर तशी कायमची अट नोंदवून घेतं.

म्हणून तुम्हाला घर घेऊन ते भाड्यानेच द्यायचं असेल तर माझा आग्रह वेगळा आहे. वेगळं दार असलेली एक खोली असलेली जागा शोधा आणि ती खोली इथे काम करणाऱ्याला वर्षाच्या कराराने द्या. पैसे नाताळच्या भाड्याइतके मिळणार नाहीत, पण दरमहा मिळतील, थोड्या दिवसांच्या भाड्याचं लायसन्स लागणार नाही, आणि हीटर बंद पडला तर कळवायला घरात माणूस असेल. सोसायटीचे नियम याला परवानगी देतात का ते मात्र आधी तपासा.

आणि स्कीइंगचे दिवस सोडून या. मेच्या पहिल्या आठवड्यात या: लिफ्ट जवळपास बंद, निम्मी हॉटेलं कुलपात, बर्फ वितळून पायवाटांवर घोट्याएवढा चिखल, आणि गावकरी युटामधल्या मोआबच्या वाळवंटात ऊन खायला गेलेले. त्या आठवड्यात तुम्हाला इथे करमलं तर पुढचं सगळं आवडेल. जुलैत रानफुलांनी कुरणं भरतात. क्वान्डरी शिखरावर पहाटे चढायचं आणि दुपारच्या विजा सुरू व्हायच्या आत खाली यायचं. सप्टेंबरच्या शेवटी बोरियास पासच्या रस्त्यावर अ‍ॅस्पेनची पानं पिवळीधमक होतात. मला विचाराल तर वर्षातला सगळ्यात सुंदर पंधरवडा तो आहे, आणि स्कीइंगसाठी घर घेतलेल्या किती तरी मालकांनी तो कधी पाहिलेलाच नाही.

जमलं तर आधी एक पूर्ण हिवाळा भाड्याची जागा घेऊन काढा. तरीही घ्यायचं ठरलं तर ऑफर देण्याआधी गावच्या कार्यालयात फोन करा, घराचा पत्ता सांगा, तो कोणत्या विभागात पडतो आणि तिथे नवं लायसन्स मिळतं का ते विचारा, आणि उत्तर ईमेलवर लेखी मागून घ्या. विक्रेत्याकडून गेल्या दोन हिवाळ्यांची गॅसची बिलंही मागा.