आईला डायबेटिस, संधिवात आणि जुनी बद्धकोष्ठता आहे. कोलोनोस्कोपीचं औषध अर्ध्यावर उलटून पडतं. एनिमावर भागेल का? घरचे म्हणतात ती टाळाटाळ करते.

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. आई टाळाटाळ करत नाहीये. हे आधी घरात सगळ्यांना सांगा, मग औषधाचं बघू.

एनिमावर भागत नाही. एनिमा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या, डाव्या भागापुरता साफ करतो. कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीची नळी घालून मोठं आतडं आतून बघतात त्या तपासणीत, अख्खं आतडं स्वच्छ लागतं, पार उजव्या टोकापर्यंत. म्हणजे ते आतडं साफ करणाऱ्या औषधाचं पाणी प्यावं लागणारच. ते कसं प्यायचं आणि केव्हा, एवढंच आपल्या हातात आहे, आणि ते आईच्या आजारांकडे बघून ठरायला हवं.

मला रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात आहे आणि डायबेटिस त्याहून जुना. हिमोग्लोबिन सारखं उतरत होतं म्हणून कोलोनोस्कोपी सांगितली. आम्ही सांगलीचे, तपासणी पुण्यात, त्यामुळे मुक्काम थोरल्या दिरांच्या फ्लॅटवर. हॉस्पिटलच्या काउंटरवर पावडरचं पाकीट मिळालं आणि सोबत एक झेरॉक्स. आदल्या दिवशी हलका आहार, संध्याकाळी सहाला पाकीट दोन लिटर पाण्यात मिसळून दोन तासांत संपवा, रात्री बारानंतर काही नाही, सकाळची औषधं घेऊ नका. बस्स, एवढंच. पंचविशीतल्या धडधाकट पोराला तोच कागद आणि मलाही तोच. डायबेटिस आहे का, हे विचारलंसुद्धा नाही.

पहिला ग्लास गेला. दुसरा गेला. खारट, किंचित गोडसर, बुळबुळीत पाणी. तिसऱ्यापासून घशाशी यायला लागलं. आमच्या जाऊबाई समोर सोफ्यावर. म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी तर तासाभरात संपवलं होतं. दोन लिटर पाणी ते काय, एवढा बाऊ कशाला?" त्यांच्या ह्यांना ब्लडप्रेशरची एक गोळी सोडली तर कुठलाही आजार नाही. माझी बोटं संध्याकाळपर्यंत सुजून येतात, ग्लास दोन्ही हातांनी धरावा लागतो. आणि पोटात कळ आल्यावर परकराच्या नाडीची गाठ असल्या बोटांनी सुटायला किती वेळ लागतो, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. ते औषध तेवढा वेळ देत नाही. बाथरूमच्या दाराशी उभी राहून मी दातांनी नाडी सोडवली आहे. त्यानंतर उलटी झाली. तोंड धुतलं आणि परत प्यायला बसले. सहा ते आठ म्हणून लिहिलेलं साडेदहाला संपवलं, पण भांड्याचा तळ दिसेपर्यंत प्यायले. आमचे हे साक्षीला आहेत.

रात्री दरदरून घाम आणि हातपाय थरथर. मशीनवर शुगर 58. संध्याकाळची शुगरची गोळी मी रोजच्यासारखी घेतली होती, कारण कागदात फक्त सकाळच्या औषधांबद्दल लिहिलं होतं. ह्यांनी साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. सकाळी कागदाप्रमाणे काहीच औषध घ्यायचं नव्हतं, म्हणजे रोजची स्टेरॉइडची गोळीही नाही. वर्षानुवर्षं चालू असलेलं स्टेरॉइड असं एकदम चुकवायचं नसतं, शरीराची स्वतःची यंत्रणा मंदावलेली असते, ब्लडप्रेशर कोसळू शकतं. हे मला नंतर कळलं. कागद छापणाऱ्यांना आधीपासून माहीत असायला हवं होतं. तपासणी दुपारी बाराला. तोवर मला हात खांद्याच्या वर नेता येईना.

रिपोर्टवर आलं, तयारी अपुरी. आतड्याचे तीन भाग करून प्रत्येकाला शून्य ते तीन गुण देतात, बोस्टन स्केल म्हणतात त्याला. प्रत्येक भागाला किमान दोन लागतात. माझे डावीकडे दोन, मधे दोन, उजवीकडे एक. बाहेर येऊन तिथल्या डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं, "पेशंटने पूर्ण औषध घेतलेलं दिसत नाही." हे म्हणाले, "संपवलं की हो सगळं." पण तोवर डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेले होते. घरी आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "मी म्हणतच होते." तेव्हापासून कुठल्याही लग्नकार्यात आजारपणाचा विषय निघाला की हे वाक्य येतंच.

पुढे कोल्हापूरला एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांचा पहिला प्रश्न, "रोज पोट साफ होतं का?" दुसरं म्हणजे गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडायला लावल्या. त्यातल्या दोन त्यांनी बाजूला काढल्या: लोहाची गोळी, आणि तळपाय जळजळतात म्हणून रात्री घ्यायची अमिट्रिप्टिलिन. दोन्हींनी मलावरोध होतो. जुन्या डायबेटिसने आतड्याच्या नसा मंदावतात ते वेगळंच. अशा माणसाचं आतडं नेहमीच्या तयारीने बरेचदा साफ होत नाही, हे पोटाच्या डॉक्टरांच्या जगात सर्वश्रुत आहे. शिवाय सगळं औषध आदल्या संध्याकाळी दिलं की रात्रभर लहान आतड्यातून पित्त आणि चिकट स्राव खाली उतरत राहतो आणि साफ झालेल्या उजव्या भागावर थर धरतो. तपासणी दुपारी बाराला असेल तर तो थर दिसणारच, मग आदल्या संध्याकाळी कुणी कितीही मुकाट्याने प्यायलेलं असो. माझा उजवीकडचा एक गुण तिथून आला होता. मी कमी प्यायले म्हणून नाही.

आईसाठी डॉक्टरांकडे हेच मागा. औषध दोन भागांत: एक आदल्या संध्याकाळी, दुसरा तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करून दोन तास आधी संपलेला. पहाटे उठावं लागतं, उठायचं. दोन भाग केले की उलटीही कमी होते. पेशंट "खूप लांबून येतो" म्हणून सगळं आदल्या संध्याकाळीच उरकायला सांगतात, ते ऐकू नका. सोय नसेल तर आदल्या रात्री अ‍ॅडमिट करायला सांगा. मी दुसऱ्या वेळी अ‍ॅडमिटच झाले. शेजारी कमोडची खुर्ची, अंगात गाऊन, गाठ सोडवायची भानगड नाही. रात्री शुगर तपासायला सिस्टर. संधिवाताच्या पेशंटला ही चैन नव्हे, गरज आहे.

बद्धकोष्ठतेसाठी आधीचे काही दिवस रोज रात्री जुलाबाची सौम्य गोळी देतात, तीही विचारून घ्या. तीन दिवस आधीपासून चोथा बंद. आपल्याकडे शेंगदाण्याचा कूट आणि तीळ कशात नसतात? ते सगळं बंद. मेथी, पालक, मटकी, भाकरी, पेरू, डाळिंब, बियांसकट टोमॅटो, वांगी बंद. इसबगोलही बंद, लोकांना ते पोट साफ करणारं वाटतं म्हणून मुद्दाम सांगते. तिळाएवढी बी दुर्बिणीच्या नळीत अडकते. मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, दही, सोललेला बटाटा, अंडं यावर राहता येतं. आदल्या दिवशी फक्त नितळ पातळ पदार्थ: गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, नारळपाणी. कोकम सरबत नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. लोहाची गोळी आठवडाभर आधी थांबवतात, तिने मळ काळा आणि चिकट होतो.

प्यायची रीत एवढीच: फ्रीजमध्ये थंड करा, उलटीची गोळी अर्धा तास आधी, एक ग्लास पंधरा-वीस मिनिटांत, स्ट्रॉने, जिभेच्या मागच्या बाजूला. मळमळलं तर अर्धा तास थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं. त्यात सरबत, साखर घालू नका; डायबेटिस नसला तरी नको, साखरेबरोबर क्षार शरीरात जास्त शोषले जातात. गुदद्वाराशी आधीच व्हॅसलीन लावून ठेवा, नाहीतर रात्री आग होते. शेवटी पिवळसर, लघवीसारखं स्वच्छ पाणी यायला हवं. दोन लिटर संपले आणि तरी गढूळ येत असेल तर तपासणीला जायच्या आधी हॉस्पिटलला कळवा. आणखी औषध देता येतं.

माझ्या दुसऱ्या वेळी तिन्ही भाग स्वच्छ निघाले. उजव्या बाजूला, जिथे आधी एक गुण होता तिथे, दीड सेंटीमीटरचा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेला कोंब, होता. तिथल्या तिथे काढला. तपासणीत अ‍ॅडेनोमा निघाला, म्हणजे राहू दिला तर पुढेमागे कॅन्सरकडे जाऊ शकणारा. पहिल्या रिपोर्टमध्ये "दिसलं तेवढं नॉर्मल" लिहिलं होतं. त्यावर विसंबून मी घरी बसावं असं आमच्याकडे बऱ्याच जणांचं मत होतं, परत कशाला तो सोपस्कार म्हणून. तुमच्याकडेही म्हणतील. म्हणू द्या. तयारी अपुरी असलेली कोलोनोस्कोपी झालेली धरायची नाही.

आणि एक करा. आईने घेतलेल्या प्रत्येक ग्लासची वेळ, उलटी कधी झाली, शुगर किती होती, हे कागदावर लिहा आणि तो कागद फाईलला लावायला सांगा. मी तो लावला होता. आईने कष्टाने प्यायलेलं पाणी कुणी एका वाक्यात पुसून टाकू नये.

मी डॉक्टर नाही, हे माझ्या शरीरापुरतं आहे. आईच्या शुगरच्या गोळ्या आणि इन्शुलिन किती कमी करायचं ते तिच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. त्यात डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती साधारण तीन दिवस आधी बंद करतात, उपाशी पोटी त्या गोळीने रक्तात आम्ल वाढतं आणि शुगर फार वाढलेली नसतानाही माणूस गंभीर होतो. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी मंद असेल तर फॉस्फेटवालं औषध घेऊ नका. प्यायला कमी लागतं म्हणून ते लोकांना आवडतं, पण त्याने किडनी जाऊ शकते. अमेरिकेत 2008 साली त्याच्या गोळ्यांवर ठळक इशारा छापायला लावला. नारळपाणीही अशा पेशंटने विचारूनच, त्यात पोटॅशियम असतं. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय आपल्या मनाने बंद करू नका, आणि चालूही ठेवू नका. किडनी, हृदय, रक्त पातळ करणारी गोळी, यातलं काही आईला आहे का ते तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. असेल तर वर सांगितलेलं काहीही करण्याआधी त्या डॉक्टरांना फोन करा.